गोळीनं आणलेली साखर

गेल्या खेपेस बाजरीच्या खारोड्यांची कृती द्यायचं कबूल केलं होतं, ती पुढच्या आठवड्यावर ढकलते आहे. रागावू नका. आज जे लिहायचं आहे ते बरेच दिवस मनात घोळत होतं. लिहावं की नको, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडावी की नको, असं चाललं होतं. शेवटी ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिहा वहिनी. माझं नाव तेवढं घालू नका." तेव्हा नाव न घालता लिहिते.

घरातल्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं की आपल्याला किती बरं वाटतं, नाही? त्यातून ते माणूस दुखण्यातून उठलेलं असलं तर विचारायलाच नको. एक भाकरी संपायच्या आत आपण दुसरी ताटात टाकतो. आमच्या लिंबागणेशच्या घरात अगदी हेच झालं, आणि त्या कौतुकापायी दोन वर्षं आम्हाला समोरचं दिसलं नाही.

माझे धाकटे दीर बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना आजारी पडले. रात्र रात्र झोप नाही. कुणीतरी आपल्याविषयी बोलतंय, आपल्याला हाका मारतंय, असं सांगायचे. खोलीची खिडकी चादरीनं बांधून घ्यायचे. पहिले आठ महिने आम्ही अंगारे, उतारे आणि देवऋषी यांत घालवले. आज त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? मग एका मास्तरांच्या सांगण्यावरून बीडला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असं निदान झालं. ओलान्झापिन नावाची गोळी सुरू झाली, आणि सहा-सात आठवड्यांत घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं. भाऊजी झोपू लागले, आंघोळ करू लागले, माझ्या मुलाला गणितं समजावून देऊ लागले. त्या गोळीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणी त्या गोळीला दूषण देऊ नये.

गोळीबरोबर भूकही आली. साधी भूक नव्हे, वखवख. चार भाकऱ्या झाल्या तरी "वहिनी, अजून आहे का?" रात्री अकराला उठून डब्यातली खारी-टोस्टं संपवायची. सासूबाईंना आनंद. "खातंय तर खाऊ दी की लेकराला. काय हाल झाले व्हते त्याचे." मलाही तसंच वाटत होतं. छप्पन किलोंचे भाऊजी दोन वर्षांत अठ्ठ्याहत्तर किलोंवर गेले. पायजम्याची नाडी पुरेना म्हणून मी दोनदा नवी ओवली. हातानं नाडी ओवत होते, पण डोक्यात काही शिरलं नाही.

मग तहान सुरू झाली. उशाचा तांब्या रात्रीतून दोनदा भरावा लागे. रात्री चार-चार वेळा उठणं. मोरीच्या कडेला मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा सासूबाईच एकदम गप्प झाल्या. मामंजींना पंचावन्नाव्या वर्षी साखर लागली होती, त्यांनी ते दिवस पाहिलेले. पण भाऊजी अवघे सत्तावीस वर्षांचे! आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या माणसांची रक्तदाब-साखरेच्या तपासणीसाठी नावं लिहून गेल्या होत्या, त्यात यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १७८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, ती ८.२. म्हणजे चक्क मधुमेह.

आता माझी चूक सांगते. याच चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला.

मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी. मला वाचता येतं याचा मला जरा अभिमानच. गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काढून वाचला. त्यात लिहिलेलं: वजन वाढू शकते, रक्तातील साखर वाढू शकते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळीनंच साखर आणली! मग गोळी काढली की साखर गेली. रात्रीची गोळी द्यायचं काम माझ्याकडेच होतं. कुणाला न सांगता पंधरा दिवस अर्धी दिली, मग बंदच केली. भाऊजींना सांगितलं, "आता तुम्ही बरे आहात, गरज नाही." ते खूश. मीही खूश.

साखर काही उतरली नाही. झोप मात्र उडाली. पाचव्या आठवड्यात एका रात्री दार उघडं टाकून भाऊजी निघून गेले. यांनी आणि शेजारच्या मंडळींनी रात्रभर शोधलं. पहाटे मांजरसुंब्याच्या फाट्यावर अनवाणी उभे सापडले. मला पाहून एवढंच म्हणाले, "वहिनी, ते परत बोलायला लागलेत."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी यांना आणि सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. दोघंही काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

बीडच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आता चांगलीच बोलणी बसणार अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला साखर दिसली हे बरोबर. गोळीवर संशय आला तोही बरोबर. फक्त तो मला येऊन सांगायचा होता." मग त्यांनी विचारलं, "दीड वर्षात तुम्ही आलात कधी?" खरंच की! बरं वाटतंय म्हटल्यावर जुनीच चिठ्ठी दाखवून आम्ही दुकानातून गोळ्या आणत होतो. सहा महिन्यांत एक फेरी मारली असती तरी वजनाच्या काट्यानं सगळं सांगितलं असतं. डॉक्टरांना दोष द्यायला तोंड नव्हतं.

त्या दिवशी आणि नंतर जे समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

मनाच्या गंभीर आजारांवरची पहिली गुणकारी गोळी, क्लोरप्रोमॅझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आली. त्याआधी अशा रुग्णांना डांबून ठेवण्यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. त्या गोळीनं काहींची साखर वाढते हे १९५०च्या दशकातच डॉक्टरांच्या नजरेस आलं होतं. पुढे नव्या गोळ्या आल्या. हातपाय थरथरणं, मान ताठणं हे जुन्या गोळ्यांचे त्रास त्यांत कमी, पण काहींत भूक आणि वजन मात्र फार. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन गोळ्या त्यात सगळ्यांत पुढे. रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिन मधल्या. अॅरिपिप्राझोल, झिप्रासिडोन, ल्युरासिडोन यांचा हा त्रास पुष्कळ कमी. २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या वर्गातल्या सगळ्याच नव्या गोळ्यांवर मधुमेहाची सूचना छापायला लावली, आणि २००४ साली तिथल्या मधुमेहाच्या व मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून कुणाचं काय आणि कधी तपासायचं याचं पत्रकच काढलं.

हे होतं कसं? पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचते ती काही रसायनांमार्फत. या गोळ्या नेमकी तीच वाट अडवतात. मग माणूस जेवतो, पण त्याला जेवल्यासारखं वाटत नाही. पोटावर चरबी साठते, आणि साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा जोर तिथे पडेनासा होतो. काहींच्या बाबतीत तर वजन फारसं न वाढताही साखर चढते, कारण गोळीचा परिणाम थेट इन्सुलिनच्या कामावर होतो. घरात आधीच कुणाला मधुमेह असला, की धोका आणखी वाढतो. शिवाय सगळा दोष गोळीचाही नाही. १८७९ सालीच इंग्लंडच्या डॉ. हेन्री मॉडस्ली यांनी लिहून ठेवलं होतं, की ज्या घराण्यांत वेड आढळतं त्यांत मधुमेहही पुष्कळदा आढळतो. तेव्हा या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या.

म्हणजे पाहा, आमच्या घरात "हावरट" हा शब्द ज्याला चिकटला होता, तो हावरट नव्हताच! हे कळल्यावर तो शब्द मी घरातून हद्दपार केला. तुमच्याही घरात तो असेल तर आजच काढून टाका.

आता मुख्य प्रश्न. गोळीनं आलेली साखर परत जाते का?

काहींची जाते, सगळ्यांची जात नाही. मधुमेहाचे डॉक्टर "बरा झाला" असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, आजार ओसरला. त्याचीही व्याख्या २०२१ साली ठरली: साखरेची सर्व औषधं थांबवून किमान तीन महिने झाले असावेत, आणि तरीही एचबीएवनसी ६.५च्या खाली असावी. २०१७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात साध्या मधुमेहाच्या लोकांना काही महिने अगदी मोजका आहार दिला आणि वजन उतरवलं. वर्षाअखेर १००पैकी ४६ जणांची साखर औषधांवाचून आटोक्यात आली. दोन वर्षांनी हा आकडा ३६वर आला. म्हणजे ओसरलेला आजार काहींच्या बाबतीत परतलाही. आणि एक महत्त्वाचं: मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तेव्हा ते आकडे आपल्या माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

मग आपल्या माणसासाठी काय? त्याच्यासाठी तीन वाटा आहेत, आणि तिन्ही डॉक्टरांच्या दारातून जातात. एक, शक्य असेल तर कमी वजन वाढवणारी गोळी. जुनी एकदम तोडायची नसते. नवी सुरू करून जुनी हळूहळू उतरवायची असते. दोन, मेटफॉर्मिन. ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी मनाच्या गोळ्यांनी चढणारं वजन रोखायलाही उपयोगी पडते. २००८ साली चीनमध्ये झालेल्या एका अभ्यासात खाण्याचालण्याची शिस्त आणि मेटफॉर्मिन ही जोडी सगळ्यांत सरस ठरली होती. तीन, आपलं स्वयंपाकघर.

आमच्या भाऊजींची जुनी गोळी आधी पुन्हा सुरू केली. मन ताळ्यावर यायला दोन महिने गेले. त्यानंतर डॉक्टरांनी अॅरिपिप्राझोलवर आणायचं ठरवलं. सहा आठवडे दोन्ही गोळ्यांची देवघेव चालली होती. ते दिवस सोपे नव्हते. झोप कमी झाली, पायांत सारखी चुळबूळ, एका जागी बसवेना. दर आठवड्याला फोन करून सांगत होतो, मात्रा बदलत होती. यावेळी मनानं काही केलं नाही. सोबत मेटफॉर्मिन सुरू झाली.

आणि मी स्वयंपाकघर हातात घेतलं.

भाऊजींचा वेगळा स्वयंपाक करायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. एकाला पथ्य आणि पाचांना भजी, असं कुठल्या माणसाला सोसेल? सगळ्या घराचा चहा बिनसाखरेचा झाला. सासूबाई आठ दिवस रुसल्या, नवव्या दिवशी प्यायल्या. खारी-टोस्टाचा डबाच घरात आणायचा बंद केला, कारण रात्री अकराला डबा समोर असताना "खाऊ नका" म्हणण्यात काही अर्थ नसतो. ताटात आधी काकडी, मुळा, कांदा, मग मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, ताक, आणि शेवटी ज्वारीच्या दोन भाकऱ्या. चार नव्हेत. भाकरी शेवटी आली की दोनच पुरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान, पण हंगामात पाटीभर सीताफळं घरात आली की साखरेचं काय होतं तेही आपणच पाहतो. आम्ही एक फळ दोघांत वाटून घेऊ लागलो. चतुर्थीच्या साबुदाण्याऐवजी भगर आणि तीही बेतानं, दाण्याच्या आमटीबरोबर. भालचंद्र गणपतीच्या देवळापर्यंत सकाळ-संध्याकाळ चालत फेरी. पहिला महिनाभर मी बरोबर जात होते, मग माझा मुलगा, मग ते एकटे जाऊ लागले. माणूस गावातून एकटा चालत जातो आणि वेळेवर परत येतो, या गोष्टीचं मोल आमच्यासारख्या घरालाच कळतं.

तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारतील, दीक्षितांची पद्धत का नाही केली? डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदा जेवण्याची, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. आम्हीही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मनाच्या गोळ्या चालू असताना, आणि त्यातून साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असताना, मधली खाणी आपल्या मनानं तोडू नका. साखर एकदम खाली जाऊन घेरी येते. विचारून, मोजून करा." कुणाच्या गोळ्यांत लिथियम असेल तर पाणी न पिता उपास करणं आणखी धोक्याचं. शिवाय लिथियमनं नुसतीही तहान-लघवी वाढते. तेव्हा तहान दिसली म्हणजे साखरच, असंही धरून चालू नका. रक्त तपासा.

सोळा महिन्यांत भाऊजी अठ्ठ्याहत्तरवरून सदुसष्ट किलोंवर आले. अगदी मुंगीच्या पावलानं. मधे तीन महिने काटा जागचा हलला नव्हता. पण हे असंच असतं. २०१३ साली अमेरिकेत अशाच रुग्णांना दीड वर्ष आहार-व्यायामाची मदत दिली, तेव्हा मदत न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी जास्त उतरलं. आकडा लहान दिसतो, पण अशा आजारात ही कमाई मोठीच म्हणायची. आमच्या भाऊजींची एचबीएवनसी ५.९ झाल्यावर डॉक्टरांनी मेटफॉर्मिन थांबवून पाहिली. तीन महिन्यांनी ६.१. वर्षानं ६.२. व्याख्येप्रमाणे आजार ओसरला. मात्र मनाची गोळी चालू आहे आणि चालूच राहील. साखरेची तपासणीही दर सहा महिन्यांनी होते. निवलेल्या चुलीत निखारा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून सगळ्यांची तशीच होईल, असं मी म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या आईला दोन-तीन गोळ्यांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापिन द्यावी लागली. दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या आजारावर तीच गोळी चालते, आणि त्यासाठी पांढऱ्या पेशींची तपासणीही वरचेवर करावी लागते. त्यांची साखर वाढली, पण गोळी बदलणं शक्य नव्हतं. आज त्या मेटफॉर्मिन घेतात, साखर आटोक्यात आहे, आणि वीस वर्षांनी प्रथमच नातवाच्या बारशाला त्यांनी पाळणा म्हटला. साखर गेली नाही म्हणून त्या घराची हार झाली का? मी तर तिलाही जीतच म्हणेन.

गोळीविषयी मनात किंतु असेल तर आणखी एक सांगते. मनाच्या अशा आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यामागे हृदयविकार, मधुमेह असे शरीराचेच आजार पुष्कळ असतात. हे वाचून माझ्यासारखीला वाटेल, की मग गोळीच नको. पण २००९ साली फिनलंडमध्ये अकरा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा मुळीच न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. गोळी हवीच. तिच्याबरोबर वजनकाटाही हवा.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर एवढं करा:

१. शंभरपानी वही घाला. गोळी सुरू होण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी लिहून ठेवा. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा करा, पुढे दर तीन महिन्यांनी. घरी काटा नसेल तर आडतीवरचा चालतो. साखर तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षाला एकदा तपासा.

२. कंबर शिवणकामाच्या टेपनं मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आणि नाडी पुरेनाशी झाली, तर नवी ओवण्याआधी माझी आठवण काढा.

३. वजन शंभराला पाचानं वाढलं, म्हणजे साठ किलोंचं माणूस त्रेसष्टवर गेलं, की पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना सांगा. छप्पनचे अठ्ठ्याहत्तर होईपर्यंत थांबलात तर वाट लांबते.

४. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर ती धोक्याची घंटा. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करा. खूप तहान, खूप लघवी, वजन अचानक उतरणं, आणि त्याबरोबर उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

५. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं गोळ्या आणू नका. आणि गोळी आपल्या मनानं कमी करू नका, तोडू नका. क्लोझापिन तर एक दिवसही नाही.

६. डॉक्टरांना विचारायला भिऊ नका. "या गोळीनं वजन वाढतं का? कमी वाढवणारी दुसरी चालेल का? मेटफॉर्मिनचा उपयोग होईल का?" हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आपण विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

आणि ती गोळी घेणारं माणूस तुम्हीच असलात तर? बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या, झोपेसाठी क्वेटियापिन चालू असलेल्या कितीतरी बायका आपल्यात आहेत, बोलत नाहीत इतकंच. "बसून खाऊन फुगली" असे टोमणे ऐकून गुपचूप गोळी सोडणारीही एक तरी तुमच्या ओळखीत असेल. बाई, तुझं वजन हा तुझा गुन्हा नाही. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं आणि मुलांनी टाकलेलं पोटात ढकलणं तेवढं सोड, आणि तुझ्या नावाची वही तूच घाल. पाळी थांबली, अंगावर पाजत नसताना दूध येऊ लागलं, तर तेही काही गोळ्यांनी होतं, लाजू नको, सांग. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोल.

मदत कुठे मिळेल? टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतून, फुकट. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार आणि साखर, दोन्ही एकाच आवारात दाखवता येतं. पुण्याला १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. रुग्णांच्या घरच्यांना तिथे आपल्यासारखी माणसं भेटतात. आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट अजून पाहिला नसेल, तर घरच्यांना घेऊन पाहा. आमच्या सासूबाई तो पाहून बराच वेळ बसून राहिल्या होत्या. मग उठून भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून "त्याला काय झालंय" असं कुणी विचारलं, की त्या सरळ आजाराचं नाव सांगतात.

परवा वटसावित्रीला पुरणपोळी केली होती. भाऊजींनी एक घेतली, दुसरीला ताटावर आडवा हात धरला. सासूबाईंचा हात सवयीनं पुढे गेलेला तसाच थांबला. "बरं बाबा, राहू दे," म्हणाल्या. संध्याकाळी भाऊजींनी वही काढली, काट्यावर उभे राहिले आणि आकडा स्वतःच लिहिला: ६७.

पुढच्या आठवड्यात खारोड्या, नक्की.